आमची वरची आणि तिचे ठिपके

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईइतकी खरं बोलणारी बाई साऱ्या नागपुरात नसेल, आणि एका शहराला अशी एक पुरे आहे. तिच्याबरोबर शेवटचं साधं काम मी केलं ते कूलरला वाळा भरायचं. शिमगा होऊन गेला होता, ऊन चढायला लागलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती नागपूर सोडून जाणार होती. म्हणजे त्या कूलरची हवा तिला लागायची नव्हती. तरी गच्चीवर उकिडवी बसून ती जाळीत वाळा भरत होती आणि मी सुतळी ओढत होतो. मी म्हटलं, "तू तं जाऊन राहिली वं. काहून हात भरवते?" ती म्हणाली, "काका, तुम्ही एकट्यानं भरला की एका बाजूला जाड होतो आणि एका बाजूला पातळ. गेल्या वर्षी झाला होता." झाला होता. गेल्या वर्षी माझी बायको दवाखान्यात होती आणि मी एकट्यानं भरला होता. दुसरं कोणी असतं तर ही गोष्ट काढली नसती. तिनं काढली, आणि वर सुतळी जरा सैल सोडायला सांगितलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्य कळमन्याच्या बाजारात पोती उचलण्यात आणि पोत्यांवर मार्का मारण्यात गेलं. मनीषनगरात घर बांधलं तेव्हा बाजूला तुरी उभ्या होत्या. आम्हाला लेकरू नाही. घरात कोणाचा तरी पाय वाजावा म्हणून बायकोनं वर दोन खोल्या काढायला लावल्या, आणि तिथं ही आली. सांगलीकडची, चाळिशीची, लग्न न केलेली, पाठीवर कायम एक सॅक. तिला नाव आहे, पण बायको तिला "वरची" म्हणायची आणि मीही तेच म्हणतो. या वरचीमुळे माझी बायको अख्खी गेली की थोडी मागं राहिली, हा प्रश्न यंदा हिवाळाभर माझ्या घरात होता. ते पुढं येईलच. आधी ती कशी आहे ते सांगतो, नाही तर तुम्हाला तिचा राग येईल. मला आला होता.

तिच्या दारावर नावाच्या आधी डॉक्टर लिहिलेलं होतं. गल्लीला तेवढं पुरलं. पहिल्याच आठवड्यात एक जण खोकला घेऊन आला. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की मी माणसांची डॉक्टर नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतला एक जण बकरी घेऊन आला. आता आपण तिच्या जागी असतो तर हसलो असतो, नाही तर चिडलो असतो. तिनं बकरीकडे नीट पाहिलं, मग त्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिचं मला काही कळत नाही. पण हिचं लिव्हर तुमच्यापेक्षा चांगलं असेल असं वाटतं." तो माणूस पीत होता, हे आम्हाला माहीत होतं, पण तोंडावर कोणी बोलत नव्हतं. बकरी पुन्हा आली नाही, माणूसही आला नाही.

बायकोला तिच्या लग्नाची फार हौस. वरचीला नव्हती. तरी बायकोनं एक स्थळ आणलं. माणूस सरकारी नोकरीतला, पहिली बायको वारलेली, पोट जरा सुटलेलं. बायकोनं पोहे केले, मला धुतलेला सदरा घालायला लावला. वरची खाली आली, पोहे खाल्ले, आणि तो माणूस आपल्या गाडीबद्दल सांगत असताना मधेच म्हणाली, "तुम्ही दुपारी जेवल्यावर झोपता का? थकवा वाटतो का? पोटाची एकदा सोनोग्राफी करून घ्या." तो घाम पुसत गेला. स्थळ मोडलं. पण दोन-तीन महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. लिव्हरवर चरबी निघाली होती, त्यानं तळलेलं सोडलं होतं, सकाळी चालायला लागला होता आणि त्याचं लग्न दुसरीकडे जमलं होतं. पेढे वरचीनं खाल्ले. बायकोनं नाही खाल्ले.

ती दिवसभर करते काय, हे एकदा बायकोनं विचारलं. बायको तांदूळ निवडत होती. साधा प्रश्न होता, "बरं चाललं आहे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. वरची सॅक खाली ठेवून तिच्या समोर बसली आणि तांदूळ संपेपर्यंत बोलली. "काकू, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक मोठी पोथी असते. ती जागची हलत नाही. कामाला लागतील तेवढ्या ओळींच्या चिठ्ठ्या उतरवून बाहेर पाठवल्या जातात. त्या चिठ्ठीला आरएनए म्हणतात. तर अशा चिठ्ठीवर बारीक बारीक खुणा असतात. ही लवकर फाडा, ही जपून ठेवा, ही पुन्हा पुन्हा वाचा. खुणा घालणारे वेगळे, पुसणारे वेगळे, वाचणारे वेगळे. लिव्हरवर चरबी चढली, सूज आली, वण धरले, की अक्षरं तीच राहतात पण खुणा बदलायला लागतात. कॅन्सरची गाठ दिसायच्या कितीतरी आधी. कोणत्या खुणा बदलतात आणि कधी, ते मी शोधते."

बायको म्हणाली, "लिव्हर म्हणजे कलेजी?"

"हो."

"मंग तसं सांग ना."

मी कळमन्याचा माणूस, मला वाटलं आपल्याला कळलं. मी म्हटलं, "म्हणजे पोत्यातला माल तोच, पण मार्का चुकला की अकोल्याचं पोतं रायपूरले जाते." दुसऱ्या कोणी शिकलेल्या माणसानं वाहवा केली असती. ती म्हणाली, "साधारण. पण पोत्यावर मार्का एक असतो काका, इथं फार असतात. आणि पोतं वाटेत आपोआप वितळतं." मी पुन्हा त्या विषयात पडलो नाही.

पण तो विषय आमच्या स्वयंपाकघरात शिरला. बायकोला वाचता येत नव्हतं, आणि कोणत्या डब्यात काय जुनं आणि काय नवं याचा तिच्याकडे हिशेब नसायचा. वरची कुठून तरी रंगीत कागदाचे चिकट ठिपके घेऊन आली. निळा म्हणजे आधी खा, हिरवा म्हणजे जपून ठेवा, लाल म्हणजे टाकून द्या. रविवारी सकाळी ती खाली यायची, एकेक डबा उघडून वास घ्यायची आणि झाकणावर ठिपका लावायची. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, हळद, तिखट, कशाला सोडलं नाही. बायको म्हणायची, "डब्यायले देवी आल्यासारखं दिसून राहिलं." वरची वर गेली की संध्याकाळी टीव्ही पाहताना बायको एकेक डबा मांडीवर घेऊन नखानं ठिपके खरवडायची. पुढच्या रविवारी वरची पुन्हा लावायची. दोघींपैकी एकीनंही दुसरीला कधी काही म्हटलं नाही. घालणारी ती, पुसणारी माझी बायको, आणि वाचणारा मी. पण मी वाचत नसे. एकदा बायको माहेरी गेली होती तेव्हा मी लाल ठिपक्याच्या बेसनाचा झुणका करून खाल्ला आणि दिवसभर घराबाहेर पडलो नाही. वरची मीठसाखरेचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "वाचणारा बिघडला की घालणाऱ्याचा काही उपयोग नसतो. आमच्याकडेही असंच आहे."

बायकोची तिच्याकडे एकच मागणी होती. वरचीच्या संस्थेत म्हणे एवढा थंड फ्रीज आहे की त्यात ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. बायको दर हिवाळ्यात वाटाणे सोलून ठेवायची आणि ते उन्हाळ्याआधी काळे पडायचे. ती म्हणाली, "एक पिशवी ठेव ना वं तिथं. कोणाले दिसते?" वरचीनं तिला समजावून सांगितलं की तिथं वाटाण्याचे दगड होतील, आणि शेजारी लोकांच्या लिव्हरचे तुकडे आहेत. बायको म्हणाली, "असू दे. ते त्यायच्या जागी, माझे वाटाणे माझ्या जागी." वरची नाही म्हणाली. दर हिवाळ्यात बायको विचारायची, दर हिवाळ्यात ती नाही म्हणायची.

बायकोला साखरेचं दुखणं जुनं होतं. अंगानंही भरलेली. एका रविवारी डब्यांचं काम चालू असताना वरचीनं तिचा हात धरला, तळवा उताणा-पालथा करून पाहिला आणि म्हणाली, "काकू, तळहात लाल दिसतात. लिव्हरची तपासणी करून घ्या." बायको म्हणाली, कामाचे हात आहेत. वरची रोज खाली येऊन तेच बोलायची, भाजीवाल्यासारखी, एकाच आवाजात. शेवटी बायको कंटाळून तपासायला गेली. लिव्हरवर चरबी होती, आणि डॉक्टर म्हणाले की नुसती चरबी नाही, वणही धरलेले दिसतात. गल्लीला लिव्हरचं एकच कारण माहीत. शेजारच्या बाईनं भाजी घेता घेता हळूच विचारलं, "घेत होत्या का वं तुम्ही?" बायको म्हणाली, "हो ना. रोज सकाळी. च्या." मग घरी येऊन मला म्हणाली, "तुम्ही पेले नाई, मी पेली नाई, आन नाव माझं झालं. पेलीच असती तं बरं झालं असतं."

दवाखान्यात सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी वरची खाली आली. म्हणाली, "काकू, तपासून जो तुकडा उरेल तो माझ्या कामाला द्याल का? नाही म्हटलं तरी चालेल. गाठ झाल्यावरचे तुकडे मिळतात, गाठ व्हायच्या आधीचे कोणी देत नाही. पण तुम्हाला त्याचा फायदा काही होणार नाही."

"काहीच नाई?"

"नाही. तुमच्या वेळेपर्यंत आम्हाला काही कळेल असं वाटत नाही."

दुखणाईत बाईला असं कोणी सांगतं का? मी उठून बाहेर गेलो. मागून मला बायकोचं हसणं ऐकू आलं. ती म्हणत होती, "घे. पण थ्या चिठ्ठ्यांवर काय लिवलं हाय ते मले सांगजो."

"सांगेन," वरची म्हणाली.

तर तो तुकडा त्या थंड फ्रीजमध्ये गेला. वाटाणे गेले नाहीत, ती गेली. पुढं गाठ निघाली. त्यानंतर सगळ्यांच्या घरी होतं तेच आमच्या घरी झालं, ते मी लिहीत नाही. थंडी पडायच्या आधी बायको वारली.

दहाव्याला आम्ही रामटेकला गेलो, अंबाळ्याच्या तळ्यावर. मीच सगळं केलं. पिंड मांडला आणि दूर होऊन बसलो. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. बायकोचा भाऊ, म्हणजे माझा साळा, मोठ्यानं म्हणाला, "बाई, भाऊजीची काळजी करू नको, आम्ही हाओत." कावळा आला नाही. त्याच्या बायकोनं सांगितलं, तुझी पैठणी मी नेसणार नाही, देवीला देईन. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. कोणी म्हणालं वाटाण्याची उसळ राहिली असेल, कोणी म्हणालं माहेरचं शेत पाहायचं राहिलं असेल. वरची मागं सॅक घेऊन उभी होती. ती पुढं आली, माझ्याजवळ बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, काकू पूर्ण गेलेल्या नाहीत अजून. थोडं लिव्हर आमच्याकडे आहे. मला वाटलं सांगायला हवं."

मी खूप दहावे पाहिले, पण असं कोणी बोललेलं नाही ऐकलं. झाडावरचे कावळेसुद्धा गप झाले. मग साळा म्हणाला, "काय म्हणून राहिली हे?" तिनं त्याला नीट सांगितलं. तुकडा केवढा आहे, कुठं आहे, किती थंडीत आहे. साळ्यानं डोक्यावर हात मारला. माझ्या बहिणीची कलेजी फ्रीजमध्ये ठेवून तुम्ही पिंड मांडून राहिले, मंग कावळा कसा शिवन, असं त्याचं म्हणणं. आणि खरं सांगतो, त्या वेळी मलाही तेच वाटलं. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही उठलो. गाडीत साळा एकच वाक्य बोलत होता. तो तुकडा आणा आणि तळ्यात सोडा, नाही तर बाईला गती नाही.

घरी आल्यावर मी वरचीला म्हटलं, "परत दे." ती म्हणाली, "देते. काकूंनी दिला होता, तुम्ही परत मागू शकता." मी विचारलं, "तुझं काम?" ती म्हणाली, "अडेल. असा तुकडा दुसरा नाही माझ्याकडे. पण ते तुम्ही बघू नका." तिनं डोळ्यांत पाणी आणलं असतं तर मी घेऊन टाकला असता. रडून कोणी काही मागितलं की माझा हात आखडतो. ती रडली नाही. म्हणून मी म्हटलं, आधी मला दाखव.

ती मला घेऊन गेली. लांब पांढरी खोली, कपाटाएवढा फ्रीज. उघडला तसा आतून धूर खाली आला. तिनं जाड हातमोजे घातले आणि एक डबी काढली. आत बोटाच्या पेराएवढी नळी, नळीत शेवईचा मोडका तुकडा असावा तसं काही तरी. नळीवर नाव नव्हतं, आकडे होते. मी म्हटलं, "तिचं नाव काहून नाई?" ती म्हणाली, "नाव लिहायची परवानगी नसते. रंग चालतो." मग मला झाकण दिसलं. झाकणावर हिरवा ठिपका होता.

मी विचारलं, "हे वाचल्यावर काय होते याचं?"

"वाचायचं म्हणजे विरघळवायचं, काका. मग उरत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

मी तिथं एका स्टुलावर बसलो. बायको काय म्हणाली होती, ते मला आठवत होतं. सारे तळ्यावर उसळ आणि पैठणी आणि शेत शोधत बसले, आणि तिनं तोंडानं मागितलेली गोष्ट ही एकच होती. काय लिवलं हाय ते सांगजो. मी म्हटलं, "मंग वाच. शेवटी पाण्यातच जाते ना?"

"पाणी नाही, द्रावण असतं."

"तेच," मी म्हटलं. ती नाही म्हणणार होती, पण नाही म्हणाली नाही. तिला ओळखतो तेव्हापासून असं एकदाच झालं. साळा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

हिवाळा असाच गेला. मी रोज संध्याकाळी जिन्यात तिच्या पायांचा आवाज ऐकायचो आणि ती वर जाता जाता एवढंच सांगायची, "अजून नाही." रविवारी ती येऊन डब्यांना ठिपके लावायची. आता खरवडायला कोणी नव्हतं. डबे लाल-निळे-हिरवे तसेच राहू लागले. मग तिला दुसऱ्या गावी मोठी नोकरी मिळाली, आणि त्या संध्याकाळी आम्ही कूलरला वाळा भरत बसलो.

शेवटची गाठ मारून झाली, तिनं हात धुतले आणि म्हणाली, "काका, काकूंचं वाचून झालं."

मी सुतळीचं बंडल गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो. म्हटलं, "काय लिवलं हाय?"

"खुणा तेव्हाच बदललेल्या होत्या. गाठ नव्हती, सोनोग्राफीत काही दिसत नव्हतं, तेव्हाच. एका माणसाचं आहे, त्यावरून सगळ्यांचं सांगता येणार नाही. पण होत्या."

"म्हणजे तवाच वाचता आलं असतं तं?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं की नशीब होतं, तुम्ही खूप केलं. तिनं जाळीतून बाहेर आलेली वाळ्याची एक काडी आत खोचली. "तेव्हा वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "कोणालाच. मलाही. आणि वाचता आलं असतं तरी त्या खुणा पुसायचं औषध आज नाही."

"नळी?"

"रिकामी आहे. काही उरलं नाही."

मी कूलर चालू करून पाहिला. वाळा दोन्ही बाजूंनी सारखा भरला होता. थंड हवा आली. ती थोडा वेळ त्यापुढं उभी राहिली, मग सामान बांधायला आत गेली.

सकाळी ऑटो आला. तिनं माझ्या पाया पडायला वाकून मधेच थांबून सांगितलं की तुमच्या पायावर सूज आहे, मीठ कमी करा. मग पाया पडली. ऑटो वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो.

आत येऊन मी फळीवरचे डबे पाहिले. बेसनाच्या डब्यावर निळा ठिपका होता. आधी खा. बायकोला पाटवडी फार आवडायची, म्हणून मी पाटवडी करायला घेतली. मला ती येत नाही. बेसन पातळ झालं, वड्या पडल्या नाहीत, उलथन्यानं काढल्या त्या मोडल्या. जे झालं ते पानावर घेऊन गच्चीवर गेलो आणि कठड्यावर ठेवलं. कावळा टाकीवर बसला होता. तसा तो रोजच असतो. मी त्याला म्हटलं, "खुणा तवाच बदलल्या होत्या म्हणते. गाठ यायच्या आंधी." त्यानं मान वाकडी करून पाहिलं, खाली उतरला आणि मोडकी पाटवडी सगळी खाल्ली.

डबा रिकामा झाला होता. तो मांडीवर घेऊन मी खाटेवर बसलो आणि झाकणावरचा ठिपका नखानं खरवडून काढला. घरात ते काम बायकोचं होतं.